शाळेचा पैसा जातो कुठे?



शिक्षकांच्या संघटनेचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कपाळावर एक आठी उमटते. शिक्षकांनी पगारवाढ मागितली की त्यांना मुलांच्या नुकसानीची आठवण करून दिली जाते. आणि त्यांनी मुलांसाठी काही मागितले तर, हा तुमचा विषय नव्हे, तुम्ही आपले फळ्यासमोर उभे राहा, असे सुनावले जाते. ही आठी केवळ पूर्वग्रहाची आहे असे म्हणून भागणार नाही. शिक्षक संघटनांनीही आपल्या वर्तनाने तिला पुष्कळदा निमित्त पुरवलेले आहे. म्हणूनच या विषयाची चर्चा घोषणांच्या पातळीवर न करता एका संघटनेच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाच्या आधाराने करणे उपयोगाचे ठरेल. ही संघटना अमेरिकेतील शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांतील शिक्षकांची आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरातील एका शहरात प्राथमिक शाळेतील काही बाईंनी अर्थशास्त्रातला एक साधा प्रश्न विचारला. शाळेचा पैसा जातो कुठे? या संघटनेने हा प्रश्न जेव्हा जेव्हा विचारला, तेव्हा शहरातील सामान्य माणूस तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. ज्या काळात तिला या प्रश्नाचा विसर पडला, त्या काळात ती एकाकी पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागो हे अतिशय झपाट्याने वाढणारे शहर होते. रेल्वेमार्ग तेथे एकत्र येत, धान्याचा बाजार तेथे भरे, आणि गुरांचे अवाढव्य कत्तलखाने तेथे उभे होते. आयर्लंड, जर्मनी, पोलंड, बोहेमिया येथून आलेल्या मजुरांची मुले सार्वजनिक शाळांत शिकत. एकेका वर्गात पन्नास-साठ मुले कोंबलेली असत. प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या आणि त्यांची वेतनश्रेणी १८७७ पासून जागची हललेली नव्हती. सात वर्षे नोकरी केल्यावर बाईंना वर्षाला जास्तीत जास्त ८२५ डॉलर मिळत. १८९५ साली शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, आणि त्याचा बचाव करण्याच्या निमित्ताने १८९७ साली ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ ही संघटना जन्माला आली. म्हणजे आरंभ पेन्शनपासूनच झाला. पेन्शनची मागणी संकुचित आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१८९८ साली शिक्षण मंडळाने टप्प्याटप्प्याने पगारवाढ देण्याचे मान्य केले. पहिला टप्पा मिळाला आणि मग मंडळाने हात वर केले. तिजोरीत पैसा नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर ऐकून बहुतेक संघटना काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे. निवेदन देतात, शिष्टमंडळ नेतात, मोर्चा काढतात आणि शेवटी अर्ध्या मागणीवर तडजोड करतात. या बाईंनी वेगळेच केले. कत्तलखान्यांच्या वस्तीतील शाळेत सहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मार्गारेट हेली आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन गॉगिन यांनी वर्गातून रजा घेतली आणि कराच्या वह्या उघडून बसल्या. पैसा नाही म्हणता, तर तो का नाही, हे त्यांना पाहायचे होते.

वह्यांत जे सापडले ते थक्क करणारे होते. शहरातील ट्रामगाड्या, गॅस, वीज आणि टेलिफोन पुरवणाऱ्या कंपन्यांना शहराचे रस्ते वापरण्याचे हक्क मिळालेले होते. रुळ टाकायचे तर रस्ता नगराचा, खांब रोवायचे तर जागा नगराची, आणि नफा मात्र कंपनीचा. या हक्कांना बाजारात प्रचंड किंमत होती. कंपन्यांच्या शेअरांचे भाव त्यांच्याच बळावर चढलेले असत. इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार या किमतीवर कर बसायला हवा होता. कर आकारणारे राज्य मंडळ तो बसवतच नव्हते. मजुराच्या दोन खोल्यांच्या घरावर कर होता, आणि ट्राम कंपनीच्या कोट्यवधींच्या हक्कावर नव्हता. शाळेची तिजोरी रिकामी का, याचे उत्तर इतके सरळ होते. ते शोधण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागली नाही, सहावीला हिशेब शिकवण्याची सवय पुरली.

फेडरेशनने राज्य मंडळाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९०१ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षिकांच्या बाजूने निकाल दिला आणि मंडळाने कायद्याप्रमाणे आकारणी करावी असा आदेश दिला. कंपन्या अर्थातच स्वस्थ बसल्या नाहीत. त्या संघराज्याच्या न्यायालयात गेल्या आणि आकारणी बरीच खाली आणून घेतली. तरीही वर्षाला सुमारे सहा लाख डॉलरचा कर वसूल होऊ लागला आणि त्यातले अडीच लाखांच्या आसपास शिक्षण मंडळाच्या वाट्याला आले.

आता पगारवाढ व्हायला हवी होती. मंडळाने तो पैसा कोळशाची बिले चुकवण्यात आणि इमारतींच्या डागडुजीत घातला! पैसा आणून देणाऱ्यांना त्यातला एक डॉलरही द्यायचा नाही, ही नोकरशाहीची रीत जगभर सारखीच दिसते. शिक्षिका पुन्हा न्यायालयात गेल्या आणि १९०४ साली न्यायमूर्ती एडवर्ड डन यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढच्याच वर्षी हेच डन शिकागोचे महापौर म्हणून निवडून आले आणि त्यांनी समाजसेविका जेन ॲडम्स यांना शिक्षण मंडळावर नेमले.

याच काळात फेडरेशनने शाळांच्या जमिनींचे प्रकरणही चव्हाट्यावर आणले. अमेरिकेत जमिनीची मोजणी झाली तेव्हा प्रत्येक गावठाणातील एक चौरस मैलाचा तुकडा शाळांसाठी राखून ठेवलेला होता. शिकागोत हा तुकडा पुढे शहराच्या ऐन मध्यात आला. त्यातला बहुतेक भाग १८३३ सालीच नाममात्र किमतीला विकला गेला होता. जे थोडे भूखंड उरले त्यांवर बड्या आस्थापनांच्या इमारती उभ्या राहिल्या. १८९५ साली काही भाडेपट्ट्यांतून ठरावीक मुदतीनंतर जमिनीचे फेरमूल्यांकन करण्याचे कलमच काढून टाकण्यात आले. भाडे पुढची नव्वद वर्षे, १९८५ पर्यंत, गोठले. या भाडेकरूंत शहरातले एक बडे वृत्तपत्रही होते. शिक्षिकांनी मर्यादा सोडली आहे, असे ते वाचकांना वरचेवर सांगत असे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ही सगळी हकीकत ऐकताना काहीतरी ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. शिकागोतील फेडरेशनच्या जन्माआधी पंधरा वर्षे, १८८२ च्या ऑक्टोबरात, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्याचा गाभा हाच होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. आणि जोतीराव तेथेच थांबले नाहीत, हे आपण फारसे आठवत नाही. शिक्षकांचा पगारही त्यांनी निवेदनात मांडला. बारा रुपयांपेक्षा कमी कोणालाही देऊ नये, मोठ्या गावांत पंधरा ते वीस द्यावेत, शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, असे त्यांचे म्हणणे होते. कराचा उगम, खर्चाची दिशा आणि शिक्षकाचा पगार हे तीन विषय त्यांनी एकाच निवेदनात एकमेकांना जोडले. त्यांच्यानंतर ही जोडणी आपल्याकडे सुटली आणि हे तीन विषय तीन वेगवेगळ्या खात्यांचे झाले.

हेलींकडे परत येऊ. न्यायालयात जिंकलेला खटला विधिमंडळात हरता येतो हे त्यांना लवकरच कळले, कारण या शिक्षिकांना विधिमंडळाच्या निवडणुकीत मत नव्हते. मते होती ती त्यांच्या विद्यार्थ्यांच्या बापांकडे, म्हणजे कत्तलखान्यांतील, रेल्वेतील आणि गवंडीकामातील मजुरांकडे. १९०२ साली फेडरेशन शहरातील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाला जोडले गेले. यावरून जो गदारोळ झाला तो वाचण्याजोगा आहे. शिक्षिकेने, एका सुसंस्कृत स्त्रीने, खाटकांच्या आणि गाडीवानांच्या पंगतीला बसायचे? पण त्या खाटकांचीच मुले तिच्या वर्गात बसत होती. शिक्षक हा ‘व्यावसायिक’ आहे, त्याने कामगारांत मिसळू नये, हा युक्तिवाद पुढे जगभर शिक्षकांना वेगळे पाडण्यासाठी वापरला गेला, आणि खेद असा की तो शिक्षकांना स्वतःलाच फार आवडला.

१९०४ साली सेंट लुईस येथे राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या व्यासपीठावरून हेलींनी शिक्षकांनी संघटित का व्हावे याची मांडणी केली. त्या परिषदेत सभासद म्हणून शिक्षिका हजारोंनी होत्या, पण बोलण्याचा मान अधिकाऱ्यांचा असे. हेलींचा रोख केवळ पगारावर नव्हता. शाळेचा कारखाना होत चालला आहे, वर बसलेला अधिकारी विचार करणार आणि शिक्षकाने यंत्रासारखा हुकूम पाळायचा, अशा शाळेतून लोकशाहीचा नागरिक घडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे विचार पुढे काही प्रमाणात अमलातही आले. १९०९ साली एला फ्लॅग यंग या शिकागोच्या शाळांच्या अधीक्षक झाल्या. अमेरिकेतील मोठ्या शहराच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शिक्षकांनी कारभारात मत मांडावे यासाठी परिषदा असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

प्रस्थापितांचा प्रतिहल्ला १९१५ साली आला. मंडळाने नियम केला की कोणत्याही शिक्षकाने कामगार संघटनेशी जोडलेल्या संस्थेचे सभासद राहता कामा नये. १९१६ साली ६८ शिक्षकांना पुन्हा नेमणूक नाकारण्यात आली. त्यांतील बऱ्याच जणी फेडरेशनच्या होत्या, आणि त्यांच्या कामाविषयी तक्रार नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोतच ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स’ ही देशव्यापी संघटना स्थापन झाली. पण १९१७ साली शिक्षकांना नोकरीची शाश्वती देणारा कायदा झाला तेव्हा त्याची किंमत म्हणून हेलींच्या फेडरेशनला कामगार मंडळाशी आणि या नव्या संघटनेशीही नाते तोडावे लागले. सुरक्षितता मिळाली आणि सोबत गेली. हा सौदा योग्य होता की नाही याविषयी मतभेद होऊ शकतात; काढून टाकलेल्या शिक्षिकांच्या घरी चूल पेटायला हवी होती हेही विसरता येत नाही. एवढे मात्र खरे की फेडरेशनची पूर्वीची धार त्यानंतर राहिली नाही.

महामंदीच्या काळात शिकागोच्या शिक्षकांनी महिनोन्‌महिने पगाराविना शिकवले. पगाराऐवजी हाती मिळत ती कागदी हमीपत्रे. ती बाजारात तोट्यात विकावी लागत. १९३३ च्या एप्रिलमध्ये हजारो शिक्षक शहरातील बँकांवर चालून गेले. त्याच वर्षी मंडळाने शेकडो शिक्षकांना घरी पाठवले आणि बालवाड्या निम्म्यावर आणल्या. या हालअपेष्टांतून निरनिराळ्या शिक्षक गटांचे एकीकरण होऊन १९३७ साली ‘शिकागो टीचर्स युनियन’ उभी राहिली. आजही तीच आहे.

पुढची तीस-चाळीस वर्षे संघटनेच्या बळाची होती, आणि तिच्या नैतिक घसरणीचीही. १९६७ साली पहिला करार झाला. १९६९ ते १९८७ या काळात नऊ संप झाले आणि त्यांतून पगार वाढले. पण शहर बदलत होते. दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने शिकागोत आली होती. त्यांच्या मुलांच्या शाळा खचाखच भरलेल्या असत आणि गोऱ्या वस्तीतील शाळांत बाके रिकामी राहत. कृष्णवर्णीय शिक्षकांना वर्षानुवर्षे ‘बदली शिक्षक’ म्हणून राबवले जाई. पूर्ण वेळ काम, पण कायमपणाचे हक्क नाहीत. त्यांचा प्रश्न संघटनेने निकडीने हाती घेतला नाही, तेव्हा १९६८ साली त्यांनी संघटनेला बाजूला ठेवून स्वतःच काम बंद केले. ज्या संघटनेचा जन्म मजुराच्या मुलाच्या वर्गखोलीत झाला, तिला आपल्याच वर्गातील मुलाचा रंग आड आला. १९८७ चा संप १९ दिवस चालला तेव्हा पालक शिक्षकांवर आणि मंडळावर सारखेच संतापलेले होते. त्या संतापाचा फायदा सुधारणावाद्यांनी घेतला आणि त्यांच्या मागोमाग खाजगीकरणवाल्यांनी.

१९९५ साली राज्य विधिमंडळाने शाळांचा सगळा कारभार महापौरांच्या हाती दिला. त्याच कायद्याने एका वर्गात किती मुले असावीत, कोणती कामे बाहेरच्या ठेकेदाराला द्यावीत, अशा विषयांवर मंडळाला वाटाघाटीची सक्ती करण्याचा संघटनेचा अधिकार काढून घेतला. हे कलम बारकाईने पाहण्यासारखे आहे. संघटनेने पगाराविषयी जरूर बोलावे, शाळेविषयी बोलू नये, असा त्याचा अर्थ. मग लोकांना सांगायला मोकळे, की पाहा, या शिक्षकांना पगारापलीकडे काही सुचतच नाही! २००४ पासून ‘नवजागरण’ असे भारदस्त नाव देऊन जुन्या शाळा बंद करण्याचा आणि त्यांच्या जागी शंभर नव्या शाळा उघडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नव्या शाळांपैकी बऱ्याच सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या पण खाजगी व्यवस्थापनाच्या होत्या, आणि त्यांत संघटनेला शिरकाव नव्हता.

या काळात संघटनेचे जुने नेतृत्व कराराच्या कागदातच गुरफटलेले राहिले. बंद होणाऱ्या शाळांच्या सुनावण्यांना जाऊन पालकांबरोबर बसणारे काही तरुण शिक्षक एकत्र आले, आणि २०१० साली त्यांच्या गटाने संघटनेची निवडणूक जिंकली. अध्यक्ष झाल्या कॅरन लुईस, शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षिका. पुढल्याच वर्षी कायदा झाला की शिकागोतील शिक्षकांना संप करायचा असेल तर एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांनी त्याच्या बाजूने मत दिले पाहिजे. जे मत देणार नाहीत ते विरुद्ध धरले जातील. हे अशक्यच आहे, अशी कायदा करणाऱ्यांची खात्री होती. २०१२ च्या जूनमध्ये एकूण सभासदांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी संपाच्या बाजूने मत दिले.

हा आकडा आकाशातून पडला नाही. त्याआधीची दोन वर्षे संघटनेने प्रत्येक शाळेत कृतिगट बांधले, पालकांच्या आणि वस्त्यांच्या संघटनांशी संबंध जोडले, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत आपल्या मुलांना कशी शाळा मिळायला हवी यावर एक अहवाल प्रसिद्ध केला. १६० शाळांत ग्रंथालय नाही, हे त्या काळात संघटना गल्लोगल्ली सांगत होती. कला, संगीत, परिचारिका, समाजकार्यकर्ता, लहान वर्ग, आणि यासाठी पैसा कोठून येईल याचा हिशेब, असे त्या अहवालाचे स्वरूप होते. हेलींच्या वह्या शंभर वर्षांनी पुन्हा उघडल्या गेल्या.

या वेळी वह्यांत सापडले ते ‘टीआयएफ’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण. त्याची रीत अशी. शहराचा एखादा भाग विकासासाठी राखीव म्हणून जाहीर करायचा. त्या दिवशी तेथील मालमत्ताकराचे जे उत्पन्न असेल ते गोठवायचे. पुढच्या तेवीस वर्षांत जमिनीच्या किमती वाढून जो जादा कर येईल तो शाळा, वाचनालये, बागा यांच्याकडे न जाता वेगळ्या खात्यात पडतो, आणि तो कोणत्या इमारतीवर खर्च करायचा हे मुख्यतः महापौर ठरवतात. मालमत्ताकराचा सर्वांत मोठा वाटा शाळांचा असल्याने खड्डा पडतो तो शाळांच्या तिजोरीत. ओसाड वस्त्यांसाठी काढलेली ही योजना शहराच्या श्रीमंत मध्यभागातही वापरली गेली. महसूल कायद्यानेच वळवला जात असल्यामुळे याला चोरी म्हणता येत नाही, एवढाच १९०० सालाशी फरक.

१० सप्टेंबर २०१२ रोजी संप सुरू झाला. पंचवीस वर्षांतला तो पहिला संप. सुमारे २६ हजार शिक्षक व कर्मचारी बाहेर पडले, साडेतीन लाख मुलांच्या शाळा बंद राहिल्या, आणि तरीही शाळांतील मुलांचे पालक बहुसंख्येने संपाच्या बाजूने आहेत असे त्या दिवसांच्या जनमत चाचण्यांत दिसले. शाळेचे सात दिवस गेल्यावर जो करार झाला त्यात पगारवाढ होतीच. शिवाय शाळा उघडण्याच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हाती पाठ्यपुस्तके पडली पाहिजेत, हे कलमही होते. जगातील सर्वांत श्रीमंत देशात हे कलम संप करून मिळवावे लागले.

संप जिंकला म्हणजे लढाई जिंकली असे मात्र झाले नाही. २०१३ च्या मे महिन्यात शिक्षण मंडळाने सुमारे पन्नास शाळा एका फटक्यात बंद करण्याचा निर्णय घेतला. पटसंख्या कमी आहे, इमारती पुरेशा वापरल्या जात नाहीत, पैसा वाचेल, मुलांना चांगल्या शाळा मिळतील, ही कारणे दिली गेली. सुमारे १२ हजार मुलांना शाळा बदलावी लागली आणि त्यांतली बहुतेक मुले कृष्णवर्णीय होती. त्याच महिन्यात सरोवराकाठी एक क्रीडागृह आणि हॉटेल उभारण्याच्या योजनेसाठी टीआयएफच्या खात्यातून साडेपाच कोटी डॉलर देण्याची घोषणा झाली. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली या बंद शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा बंद झालेल्या मुलांच्या अभ्यासात, विशेषतः घोषणा झाली त्या वर्षी, घसरण झाली, असे त्यात आढळले. २०१५ साली अशाच एका बंद केलेल्या शाळेसाठी वस्तीतील पालक आणि रहिवासी ३४ दिवस उपोषणाला बसले. ती शाळा २०१६ साली पुन्हा उघडली.

ही कारणे महाराष्ट्रात अनोळखी राहिलेली नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा १४ हजारांहून अधिक आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार. तोरणमाळ आणि पानशेत येथील प्रयोगांचा दाखला दिला गेला. मुलांना वाहन मिळेल असेही सांगितले गेले. ज्या वाडीवर एस.टी. दिवसातून एकदा येते तेथे सात वर्षांच्या मुलीने वाहनाची वाट पाहायची, ही कल्पना मुंबईच्या कचेरीतच सुचू शकते. त्याच महिन्यात कंत्राटी मनुष्यबळासाठी खाजगी संस्था नेमण्याचा शासननिर्णयही निघाला होता; ओरड झाल्यावर तो ऑक्टोबरात मागे घेण्यात आला.

आता त्याच वर्षीच्या मार्च महिन्याची आठवण करावी. १४ मार्चपासून राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले होते. २० मार्चला संप मागे घेतला गेला. मागणी न्याय्य होती यात शंका नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्या माणसाचे म्हातारपण शेअरबाजाराच्या भरवशावर सोडणे हे कल्याणकारी राज्याला शोभणारे नाही. पण ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेतला ‘एकच’ हा शब्द ऐकून वाडीवरच्या पालकाला काय वाटले असेल? शाळेला दुसरा शिक्षक नाही, गळके छप्पर आहे, पोराला बेरीज येत नाही, आणि गुरुजींचे मिशन एकच. काही ठिकाणी सुशिक्षित बेरोजगार निम्म्या पगारावर काम करण्याची तयारी दाखवत रस्त्यावर आले, त्याचे नवल वाटू नये. मार्चमध्ये त्या घोषणेत वाडीची शाळा असती, तर सप्टेंबरमध्ये शाळा वाचवण्यासाठी पालक आणि शिक्षक यांना एकमेकांची ओळख करून घेण्यापासून सुरुवात करावी लागली नसती. कित्येक शिक्षकांची स्वतःची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, हेही वाडीला दिसत असते.

एक तपशील हेलींच्या काळाशी आश्चर्यकारक जुळतो. महाराष्ट्राच्या विधानपरिषदेत शिक्षकांचे सात प्रतिनिधी असतात. पण राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाच्या नाहीत अशाच संस्थांतील शिक्षकांना तेथे मत आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक, जो संख्येने सर्वांत मोठा आणि वस्तीला सर्वांत जवळचा, तो या मतदारसंघात नाहीच. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला शिक्षक म्हणून आमदार निवडता येतो, चिखलदऱ्याच्या गुरुजींना येत नाही. शिकागोच्या बिनमताच्या बाईंनी अशा वेळी मुलांच्या बापांकडे पाहिले.

शिकागोची पुढची कहाणी गुळगुळीत नाही, आणि तशी ती सांगूही नये. २०१९ चा संप शाळेचे अकरा दिवस चालला. प्रत्येक शाळेत परिचारिका आणि समाजकार्यकर्ता, आणि वर्गांच्या आकाराला आळा, हे त्यात मिळाले, जरी १९९५ च्या कायद्याने तो विषय वाटाघाटीच्या सक्तीबाहेर ठेवला होता. ती बंधने अखेर २०२१ साली रद्द झाली. ते पाहायला कॅरन लुईस राहिल्या नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. २०२३ साली ब्रँडन जॉन्सन, पूर्वीचे शिक्षक आणि संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते, शहराचे महापौर म्हणून निवडून आले. आपला माणूस गादीवर बसला, पण तिजोरी भरली नाही. २०२४ साली तीस कोटी डॉलरचे कर्ज काढून निवृत्तिवेतनाचा आणि कराराचा खर्च भागवावा, असा महापौरांचा आग्रह होता. शाळांच्या प्रमुखांनी नकार दिला, आणि ऑक्टोबरात मंडळाच्या सातही सभासदांनी पायउतार होणे पसंत केले. हेलींनी कर्ज मागितले नव्हते, कर मागितला होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये नवा करार संपाशिवाय झाला ही समाधानाची गोष्ट. तो पाळण्यासाठी लागणाऱ्या महसुलाचा वाद मिटलेला नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यातून लगेच हाती घेता येईल असे एक साधन आपल्या कायद्यात पडून आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. सरकारी शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा आणि शासनाने अनुदान देताना तो आधार धरायचा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटे भरतात आणि पालक अंगठा किंवा सही देतात. शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेने आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मिळून एका तालुक्यातील सगळ्या शाळांचे आराखडे पालकांसमवेत बसून खरे भरावेत. किती शिक्षक कमी, किती खोल्या गळक्या, किती मुले वाटेत नाला ओलांडतात. मग त्या तालुक्यातून शासनाला किती महसूल जातो आणि त्यातला किती शाळेकडे परत येतो, हे दोन आकडे त्यांच्या शेजारी मांडून पुढच्या ग्रामसभेत वाचावेत. शिक्षकाच्या पगाराचा आकडाही त्याच कागदावर असावा, लपवू नये.